चौदा महिने

बाबा,

तुम्हाला मातीत ठेवून आज सहावा दिवस. काल पाळकसाहेब येऊन गेले. येत्या रविवारी तुमच्या स्मरणाची उपासना आहे, त्या दिवशी चर्चच्या दारात वाटायला एक हस्तपत्रिका छापायची आहे आणि ती मीच लिहावी, असं मंडळीचं म्हणणं पडलं. मथळा ते ठरवूनच आले होते: 'सुखात आणि दुःखात कृपेवर भरवसा'. मजकूर शनिवारी सकाळी छापखान्यात जायला हवा.

"एस्तेरताई, एकच पान," ते म्हणाले. "तुमचे बाबा शांतीने गेले, एवढं आलं तरी पुष्कळ झालं."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. तुम्ही असता तर खोकत खोकत हसला असता. जिने आयुष्यातलं पहिलं पत्रक तुमच्याच पत्रिकेविरुद्ध लिहिलं, तिच्याकडे मंडळीने तुमची पत्रिका मागायला यावं!

म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. ते तसंच ठेवून त्या मथळ्याखाली मला एक ओळही लिहिता येणार नाही, आणि आलीच तर ती खोटी असेल.

दुसरी मुलं गोष्टींवर वाढली, मी धर्मप्रचाराच्या पत्रिकांवर. मिशनच्या छापखान्यात तुम्ही अक्षरांचे खिळे जुळवायचात आणि छपाईत बिघडलेले कागद घरी आणायचात. आपल्या घरात फळीवर तेच कागद, डब्यात पोळीखाली तेच, आणि माझा अभ्यासही त्यांच्याच कोऱ्या बाजूला. एका अंगाला 'मित्रा, तू कुठे चाललास?' आणि दुसऱ्या अंगाला माझी गणितं. त्या पत्रिकांची एक खोड होती. पहिल्या ओळीत प्रश्न विचारायचा आणि चौथ्या पानावर उत्तर देऊन मोकळं व्हायचं. मला लहानपणी वाटायचं, जगातला कुठलाही प्रश्न चार पानांत संपतो. अशा घरात वाढलेल्या मुलीला पुढे न संपणारे प्रश्न सोसत नाहीत, बाबा. हा दोष माझा एकटीचा नाही.

मी तेरा वर्षांची असताना आईचं ते पहिलं आजारपण आलं. अंगभर सूज, शुद्ध नाही. रामदासपेठेतल्या इस्पितळात डॉक्टरांनी तुम्हाला व्हरांड्यात नेऊन सांगितलं की नातेवाइकांना बोलावून घ्या. मंडळीने तीन दिवस आळीपाळीने बसून प्रार्थना केली. चौथ्या दिवशी सकाळी आईने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "माह्या पोरीची वेणी कोनं घातली? भांग वाकडा हाय."

छापखान्याच्या मॅनेजरसाहेबांना ही हकीकत पत्रिकेसाठी हवी होती. तुम्ही ती लिहिलीत, स्वतःच्या हाताने जुळवलीत, दुसऱ्या कुणाला त्या खिळ्यांना हात लावू दिला नाहीत. 'मरणाच्या दारातून परत'. खाली तुमचं नाव. त्यात आईने डोळे उघडताच देवाचं नाव घेतलं, असं होतं. मी घरी भांडले. "बाबा, आई तर वेणीबद्दल बोलली!"

"ते बी देवाचंच नाव होय, बेटा," तुम्ही म्हणालात.

आई चुलीपासून ओरडली, "काही नाही वं, याले माही वेणी छापाची लाज वाटते."

चौदा महिन्यांनी आई गेली. तीच सूज, तेच इस्पितळ, त्याच बाया प्रार्थनेला. या वेळी तिने डोळे उघडले नाहीत.

पत्रिका मात्र चालू राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही, की लक्षात येऊनही कुणी बोललं नाही, हे मला आजही ठाऊक नाही. गठ्ठे संपत आले की पुन्हा छापत होते. मंडळीतले तरुण दर रविवारी दुपारी ते घेऊन बाजारात जायचे. आई कबरीत होती आणि जरीपटक्याच्या बाजारात दर आठवड्याला मरणाच्या दारातून परत येत होती. ते छापणाऱ्या यंत्रापासून दहा पावलांवर तुम्ही खाली मान घालून खिळे जुळवत होतात. मला हे समजायचं नाही. तुम्ही रडलात का, असं लोक विचारायचे. मी पाहिलं नव्हतं. जेवायला बसलं की तुम्ही डोळे मिटून तीच प्रार्थना करायचात, आई असताना करायचात तेवढीच लांब. एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्या 'तुझे उपकार मानतो'चा मला इतका राग यायचा की मी डोळे उघडे ठेवून तुमच्याकडे पाहत बसायची.

मग तो माणूस आला.

आईला जाऊन वर्ष व्हायचं होतं. रविवारची उपासना आटोपून आपण जेवायला बसलो होतो. दारात पन्नाशीचा एक शेतकरी, डोक्याला पागोटं, धुतलेली बंडी.

"याकोब मास्तर इथंच राह्यते का जी?"

"मीच. या."

त्याने खिशातून घडी घातलेली पत्रिका काढली. घडीवर ती फाटायला आली होती. "मले थ्या बाईले पाह्याचं हाये."

"कोनत्या बाईले?"

"हे का. मरता मरता उठली थे. माही घरवाली बिमार हाये, चार महिने झाले. मी तिले वाचून दाखवलं त म्हणे, कागदावर लोक काही बी लिहते. जाऊन डोयानं पाहून या, मंग सांगा."

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. तुम्ही ताटावरून उठलात, हात धुतलेत, पुसलेत, पुन्हा पुसलेत.

"थे गेली, भाऊ. मागच्या सालीच."

त्याने आधी कागदाकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. "मंग हे खोटं हाये?"

"नाई. हे बी खरं हाये."

"दोन्ही खरं कसं असन, मास्तर?"

त्याच्या आवाजात भांडण नव्हतं. त्याला बायकोला जाऊन काहीतरी सांगायचं होतं. मी तुमच्या तोंडाकडे पाहत राहिले. इतकी वर्षं चौथ्या पानावरची उत्तरं जुळवणारा माणूस! तुम्ही एवढंच म्हणालात, "पहिले जेवाले बस." तो जेवला. मग तुम्ही छत्री घेतलीत, मला शेजारच्या मार्थामावशींच्या हवाली केलंत आणि त्याच्याबरोबर उमरेडच्या बसमध्ये बसून त्याच्या गावी निघून गेलात. मला वाटलं, माझ्या डोळ्यांसमोरून पळालात.

दुसऱ्या दिवशी परत आलात तेव्हा सांगितलंत. "त्यानं अंगणातूनच आवाज देला, 'आयकलं का वं, थे बाई त मेली!' मले वाटलं, आता मले हाकलते. त थे हासाले लागली. म्हणे, 'बाई मेली, मंग हा कायले आला?'"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हनलो, बसाले आलो."

त्यानंतर तुम्ही पाच-सहा वेळा तिकडे गेलात. ती बाई बरी झाली नाही. पावसाळ्याच्या आधी वारली. त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं, "आता हे काहून नाही छापत?" तुम्ही पायातली चप्पल काढत होतात. "याले मथळा काय देऊ?" म्हणालात.

तुमच्या जागी मीच मथळा दिला. सतरा वर्षांची होते. चार परिच्छेदांचं पत्रक लिहिलं: 'ती बाई वारली'. माझी आई कशी गेली, ती गेल्यावरही तिच्या नावाने आशा कशी वाटली गेली, एका आजारी बाईने आपला नवरा किती दूर कशासाठी पाठवला, सगळं लिहिलं. शेवटचं वाक्य होतं: 'प्रभूने आम्हाला फसवलं आणि मंडळीने ते झाकलं.' हे शहरातला कुठला छापखाना छापणार? मी कागद घेऊन दुपारच्या सुट्टीत तुमच्याकडेच आले. हिंमत म्हणून नव्हे, बाबा. तुम्हाला दुखवायचं होतं.

तुम्ही उभ्यानेच वाचलंत. चष्मा वर केलात.

"हे शेवटलं. हे तुले म्हनाचं आहे, का रागात लिहून बसली?"

"म्हणायचंय."

"मंग ठेवू." तुम्ही पुन्हा वर पाहिलंत. "पन हे चुकलं. 'काही दिवसांतच' म्हनून लिहिलं तू. चौदा महिने होते."

"त्याने काय फरक पडतो?"

"पडते. तुह्या आईनं तुले या चौदा महिन्यांत सैपाक शिकवला. माह्या शर्टाच्या गुंड्या लावल्या. तीनदा भांडून माहेरी गेली अन् तीनदा आली. ते काही दिवस नाही. चौदा महिने लिही. तुले देवाले खोटं म्हनाचं आहे त म्हन, पन तिचे महिने खाऊ नको."

मी 'चौदा महिने' लिहिलं. तुम्ही माझं पत्रक जुळवलंत. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत मी स्टुलावर बसून तुमच्या बोटांकडे पाहत होते. 'फसवलं'वर ती थांबतील असं वाटत होतं. थांबली नाहीत. प्रूफ काढून माझ्या हातात दिलंत. "नीट वाच. चूक राहाले नको."

पुढच्या रविवारी मी ती पत्रकं चर्चच्या फाटकात उभी राहून वाटली. काहींनी घेतली, काहींनी तिथेच चुरगळली. मार्थामावशी माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "बापाच्या पोटावर पाय देऊन राहिली वं तू, पोरी." मी म्हणाले, "खरं सांगून राहिले, मावशी." त्या म्हणाल्या, "तेच त. खरं सांगतानाच मानसाचा पाय कुठी पडते, पाहा लागते."

मॅनेजरसाहेबांनी अक्षरं ओळखली. आपल्याच छापखान्याची अक्षरं कुणीही ओळखेल. त्यांनी सगळ्या कामगारांना बोलावून विचारलं. तुम्ही म्हणालात, "मीच जुळवलं." पोरीने फूस लावली, पोर अजाण आहे, असं काही सांगितलं असतंत तर कदाचित निभावलं असतं. तुम्ही सांगितलं नाहीत. नोकरी गेली. छापखान्याची होती म्हणून कंपाउंडमधली खोलीही गेली. आईची पत्रिका मात्र त्या आठवड्यापासून थांबली. हा माझा पहिला विजय. सामान हातगाडीवर चढवताना तुम्ही माझ्यावर ओरडाल म्हणून मी वाट पाहत होते. ओरडला असतात तर सोपं गेलं असतं.

जरीपटक्यात एका सिंधी सेठच्या लहानशा छापखान्यात तुम्हाला काम मिळालं, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं. सेठ दर सोमवारी चिडवायचे, "क्यों मास्टरजी, कल भगवान से मिल आए? मूड कैसा है उनका?" आणि तुम्ही म्हणायचात, "ठीक आहे सेठ. तुम्हाले विचारत होते." कारण तुम्ही दर रविवारी त्याच चर्चमध्ये जायचात, ज्यांनी तुम्हाला बाहेर काढलं त्यांच्यात, मागच्या बाकावर. मला हे लाचारीचं वाटायचं. मी म्हणायची. तुम्ही शर्टाला इस्त्री करत राहायचात.

त्या खोलीत पहिल्या उन्हाळ्यात कितीदा नुसता भात आणि मीठ होतं. तुम्ही डोळे मिटायचात. तीच प्रार्थना, तेवढीच लांब. एकदा मी मधेच बोलले, "उपकार कशाचे मानताय? मिठाचे?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मीठ नसतं त तू बोलली असती का, भात अळणी आहे म्हनून?" मला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला.

तुम्ही संत नव्हतात, हे मला त्या एका पानात लिहायचं आहे आणि पाळकसाहेबांना नको असणार. कॅरममध्ये तुम्ही सोंगटी बोटाने सरकवायचात. औषध खिडकीतून टाकायचात. आईच्या माहेरच्यांशी कायम अबोला धरलात. आणि एकदा, मी हिंगण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी पत्रकं लिहू लागले होते तेव्हा, मी रोजच्यासारखी म्हणाले की देवावर भरवसा ठेवा म्हणणं म्हणजे माणसाला गप्प बसवणं, तर तुम्ही हातातला पेला आपटलात. "मले कधी पाहिलं गप बसताना? तुह्यं पत्रक कोनं जुळवलं? तुह्या रागाचं मी काय करू, एस्तू? मलेही येते राग! मी तो कुठी ठेवू, हे तुले कधी विचारावंसं वाटलं?" आणि दार लोटून बाहेर गेलात. मी तेव्हाही विचारलं नाही.

कितीतरी वर्षांनी एवढं विचारलं, की माझं पत्रक काहून जुळवलं. आधी म्हणालात, "दुसऱ्यानं जुळवलं असतं त चुका राहिल्या असत्या." मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालात, "तुह्या आईवर लिहिलेलं दुसऱ्याच्या हातात देववलं नाही."

त्या पत्रकाची माफी मी तुमच्याकडे मागितली नाही. आजही मागत नाही. त्या माणसाने उमरेडहून येऊन विचारलं ते कुणीतरी मोठ्याने विचारायलाच हवं होतं. पण तुमची नोकरी माझ्यामुळे गेली आणि दहा वर्षांत मी त्याबद्दल तुमच्याशी एक शब्द बोलले नाही, त्याची माफी मागते. तुम्ही ऐकत असाल असं धरून चालते. याहून जास्त आज मला म्हणता येत नाही.

आता शेवटचे दिवस. हे कुणालाच माहीत नाही.

तुमची फुप्फुसं गेली होती. मंडळी भेटायला यायची, तुम्ही उशाला टेकून सगळ्यांशी नीट बोलायचात, त्यांनी प्रार्थना केली की 'आमेन' म्हणायचात. सगळे बाहेर पडून हेच सांगायचे की मास्तर किती शांत आहेत. मंगळवारी दुपारी मी तुमची नखं कापत होते. वॉर्डात पंखा बंद होता. तुम्ही हात सोडवून माझं मनगट धरलंत.

"एस्तू, मले भेव लागून राहिलं."

बाबा, मी आयुष्यभर या वाक्याची वाट पाहिली होती. कधीतरी तुमचा धीर सुटेल, कधीतरी त्या प्रार्थनेतला एखादा शब्द कमी पडेल आणि मी म्हणेन, पाहा. आणि ते वाक्य आलं तेव्हा मी नेलकटर चादरीवर ठेवून दिलं. मला जिंकायचं नव्हतं. मला तुम्ही न घाबरलेले हवे होतात. तरी जीभ कुठे गप्प बसते! मी विचारलंच, "मग कृपा? तिच्यावर भरवसा होता ना?"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मी प्रूफात अगदी सोपी चूक सोडली होती.

"तिलेच त सांगून राहिलो. तू मधात बसली आहेस म्हनून तुलेही आयकू आलं."

मग तुम्ही डोळे मिटलेत. ओठ हलत होते. या वेळी प्रार्थना नेहमीची नव्हती. मला 'भेव' ऐकू आलं, पुन्हा 'भेव', मग आईचं नाव, मग माझं. खूप वेळ चाललं होतं. मी उरलेली नखं कापली. बुधवारी पहाटे तुम्ही गेलात.

तेव्हा शांतीने गेलात का? मला माहीत नाही. भीत होतात हे नक्की. आणि ती भीती तुम्ही घेऊन बसला नाहीत, नेऊन दिलीत, हेही मी डोळ्यांनी पाहिलं. इतकी वर्षं मला वाटलं, तुमचा भरवसा म्हणजे उत्तर. तुम्ही चौथं पान पाठ केलंय आणि म्हणून तुमच्या मनाला काही लागत नाही. तुम्हाला सगळं लागत होतं. तुमचा राग, तुमची भीती, आईचं जाणं, माझं पत्रक, हे सगळं तुम्ही रोज त्या तेवढ्याच लांब प्रार्थनेत नेऊन ठेवत होतात. ताटावर तुमच्यासमोर बसून मी फक्त शब्द मोजले.

आज सकाळी मी पाळकसाहेबांना सांगून आले. पान मी लिहीन, मथळाही तोच राहू दे. पण त्यात 'भेव' हा शब्द येईल, आई चौदा महिने जगली आणि मग वारली हे येईल, उमरेडकडची ती बाई आणि तिचं हसणं येईल. यातलं एकही गाळायचं नाही. गाळायचं असेल तर पत्रिकाच नको. पाळकसाहेब तरुण आहेत. म्हणाले, "ताई, वाचणारा म्हणेल, असा विश्वासू माणूसही भ्याला, तर मग आमचं काय?"

मी म्हणाले, "तेच म्हणू द्या. भ्यालेलाच माणूस ती वाचणार आहे."

त्यांनी शेवटी हो म्हटलं. आणि मला विचारलं, "तुमचं स्वतःचं काय लिहिणार? तुम्ही भरवसा ठेवता, असं लिहाल?"

नाही म्हणाले. ते मला अजून लिहिता येत नाही, आणि जे म्हणायचं नाही ते छापायचं नाही, एवढं तुम्ही मला शिकवलं. पण बाबा, त्यांना सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. आज जाग आली तेव्हा समोर तुमची रिकामी खाट होती, आणि यापुढे रोज असणार होती. मला भीती वाटली, लहान मुलीसारखी. खोलीत कुणी नव्हतं. मी उठून बसले आणि मोठ्याने म्हणाले, मले भेव लागते. म्हणजे कुणालातरी म्हणाले. मग उठून चहा ठेवला.